ज्वारीच्या कोठीतला रोल

फरशीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर वस्तू अकरा होत्या. स्टीलची टाकी एक. तिच्यात बसणारं तारेचं चक्र एक. दोन्ही हात बाह्यांतून आत घालता येतील अशी दुहेरी चेनची काळी पिशवी एक. घट्ट झाकणाची स्टीलची डबी एक, तिच्या झाकणाभोवती काळी टेप. खुणांचं काचेचं मोजपात्र एक, थर्मामीटर एक, तपकिरी बाटल्या तीन, बोथट टोकाची कात्री एक आणि सोड्याची बाटली उघडायचं ओपनर एक. उज्ज्वलानं त्या दोनदा मोजल्या. रोल तिनं मोजणीत धरला नव्हता. तो टेबलाच्या खणात होता. या अकरांपैकी काहीही बिघडलं तर दुसरं आणता आलं असतं.

रोल खरं तर दोन होते. दुसरा कुठं गेला हे आठवलं की तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. मागच्या रविवारी ती पियूषच्या घरी व्हरांड्यात बसली होती. पियूष तिच्याबरोबर बीएस्सीला होता. वकिलांचं घर, मागच्या अंगणात नोकरांचं जुनं न्हाणीघर, त्याची त्यानं डार्करूम केलेली. दिवाळीत त्यानंच तिला आपला जुना कॅमेरा आणि दोन कृष्णधवल रोल दिले होते, 'शिक, मजा येते' म्हणून. भरलेला एक रोल तिनं त्याच्याकडे धुवायला दिला होता. "अगं, काही नव्हतं त्यात," तो मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "पूर्ण काळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत." मग दाखव ना, असं ती म्हणाली. "दाखवू काय? फेकला." फेकला म्हणजे? "म्हणजे कचऱ्यात टाकला, उज्ज्वला. घंटागाडी आली होती, आई सगळं देऊन राह्यली होती, त्यात दिला." त्याची आई, कुंदाकाकू, ताकाचा पेला घेऊन बाहेर आल्या. "हे घे गं आधी, किती ऊन लागलंय तुला," असं म्हणाल्या आणि रोल कुठं ठेवला होता ते ऐकून त्यांनी गालाला हात लावला. "ज्वारीत? अगं बाई. तांड्यावर ज्वारीत ठेवतात होय असलं काही?" त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. नुसतं नवल होतं, एखाद्या पक्ष्याच्या घरट्याबद्दल वाटावं तसं. पियूष हसला. "तुझ्या आईनं कोठीत गोळीपण टाकली असंल ना? मग झालं. उंदीर गेले, फोटोही गेले!"

त्यानं हे गमतीनं म्हटलं होतं. त्याला त्यामागचं रसायन माहीत नव्हतं, आणि विनोद मात्र नेमका बरोबर होता. कोठीत धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो आहे की नाही हे ओळखायला सिल्व्हर नायट्रेटचा कागद धरतात. कागद काळा पडतो. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला तिनं स्वतः हा कागद चिमट्यात धरला होता, तो काळा पडताना पाहिला होता, निरीक्षण आणि अनुमान लिहून त्यावर सरांची सही घेतली होती. फिल्मवरही चांदीचेच क्षार असतात. वायू त्यांना शिवला की उजेड न पडताच उजेड पडल्यासारखे ते होतात, आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, गेले की काळे. रोल कोठीत आहेत हे तिला ठाऊक होतं. कोठीत गोळी असते हे तर जन्मापासून ठाऊक होतं. तरी त्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहिल्या होत्या, आणि त्यांच्यामधलं दार पियूषनं उघडलं होतं, हसत, पाय हलवत, मोबाइल बघत. "राग नको मानू," तो पुढं म्हणाला, "दुसरा रोल तुझा तूच धू. माझी टाकी ने पाहिजे तर. तोही तसाच निघणार, पण तुझं मन तरी मोकळं होईल." तुझी टाकी नको, असं म्हणून ती उठली. फाटकाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की ताकाचा भरलेला पेला अजून तिच्या हातातच होता. तो तिनं कठड्यावर ठेवला तेव्हा थोडं ताक सांडलं आणि ते तिनं पुसलं नाही.

काळा म्हणून फेकला. हीच गोष्ट तिला आठ दिवस झोंबत होती. काळा म्हणजे किती काळा, हे त्यानं मोजलं नव्हतं. दाट काळ्यातही थोडं कमी काळं आणि थोडं जास्त काळं असतं. मागून भरपूर उजेड सोडला तर त्यातून चेहरा निघू शकतो. त्यानं फिल्म न्हाणीघराच्या चाळीसच्या दिव्यापुढं धरली असेल, एकदा, ओली असताना, आणि मग तोंड वाकडं केलं असेल. पाकिटावर छापलेल्या वेळेइतका वेळ धुतली असेल. बिघडलेल्या फिल्मला वेगळं वागवावं लागतं हे शोधायला त्याला दहा मिनिटं लागली असती. तेवढी त्यानं दिली नव्हती, कारण त्या रोलमध्ये त्याचं कोणी नव्हतं. तिचे बापू होते. म्हणजे बापूंनी काढलेले फोटो होते, आणि बापू, धरमसिंग, संक्रांतीच्या आठवड्यात दारव्ह्याच्या जीपस्टँडवर सीट भरण्यासाठी ओरडता ओरडता खाली बसले ते उठले नव्हते.

म्हणून टाकी. पियूषची टाकी प्लास्टिकची होती. नवीन शिकणाऱ्यानं प्लास्टिकचीच घ्यावी असं सगळीकडं लिहिलेलं असतं. तिच्या चक्रात फिल्म ढकलली की खाचांतून आपोआप पुढं सरकते. स्टीलच्या चक्रात ती मधल्या चिमट्याला अडकवून, किंचित वाकवून, बोटांच्या अंदाजानं गुंडाळावी लागते, आणि एक वेटोळं दुसऱ्याला चिकटलं तर तेवढा भाग जातो. ती स्टीलची टाकी का घेतेय, हे उज्ज्वलानं स्वतःला नीट विचारलं होतं. त्याची प्लास्टिकची आहे म्हणून? राग बाजूला काढून काय उरतं ते पाहायची सवय तिला प्रयोगशाळेनं लावली होती. राग बाजूला काढला तरी कारणं उरत होती. एप्रिल संपत आला होता, यवतमाळात दुपारी नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देत होतं. काळ्या पिशवीत हात घातले की दोन मिनिटांत तळवे घामेजतात, आणि दमट प्लास्टिकमध्ये फिल्म अडकते. स्टीलला घामाचं काही नाही. शिवाय तिला डेव्हलपर थंड हवा होता, अठरा अंशांच्या आसपास, आणि बर्फाच्या परातीत ठेवलेलं स्टील लवकर थंड होतं. कारणं चांगली होती. पण त्यांच्यामागं राग होताच, आणि तो कमी होत नव्हता. कारणं सापडली की तो अधिकच ताठ होत होता. नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओचं सामान विकणाऱ्या माणसानं तिला टाकी कुरिअरनं पाठवली, आणि एका वाया गेलेल्या फिल्मवर ती रोज संध्याकाळी सराव करत होती, आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून, मग पिशवीत.

ती काम करायची ती प्रयोगशाळा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत होती, सरकीच्या तेलाची तपासणी करणारी. समोरूनच दारव्ह्याचा रस्ता जायचा, आणि बापूंची काळी-पिवळी जीप दिवसातून चार वेळा तिथून गेली की ते दोन आखूड आणि एक लांब असा हॉर्न द्यायचे. ती ब्युरेटवरची नजर काढायची नाही, पण हात क्षणभर थांबायचा. बापूंच्या जाण्यानंतर काका भावसिंग यांनी जीप विकली, आणि ज्यानं घेतली त्यानं ती त्याच रस्त्यावर चालवायला काढली. हॉर्न तोच. गेल्या महिन्यात एकदा तो वाजला आणि ती टायट्रेशन अर्धवट टाकून फाटकापर्यंत धावली. जीपमध्ये कोणी तरी चष्मेवाला पोरगा होता. "येता का ताई, दारव्हा?" असं त्यानं विचारलं. तिला त्याला मारावंसं वाटलं. आत येऊन तिनं ते सगळं टायट्रेशन पुन्हा केलं.

दिवाळीत कॅमेरा घरी नेला तेव्हा बापूंनी तो हातात घेऊन आधी वजन पाहिलं होतं. "याले फ्लॅश नाही? मंग कायचा कॅमेरा हाय हा?" तिनं त्यांना उन्हाचं आणि सावलीचं गणित शिकवलं, आणि रिंगवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले: उन्हात लाल, सावलीत गुलाबी. "हे बरं हाय. सिग्नलसारखं," ते म्हणाले. मग कॅमेरा जीपच्या डॅशबोर्डवर गेला तो त्यांनी परत दिलाच नाही. "पियूषचा आहे बापू, द्यावा लागंल." "देऊ ना. रोल भरू दे. सीट भरल्याशिवाय गाडी हलते का कधी?" काय काढलं ते सांगत नसत. पॅसेंजर, म्हशी, टायर, कोण जाणे. तिनं फोनवर विचारलं की म्हणायचे, "धुतल्यावर दिसल. आतापासून सांगतलं तं धुशीन कायले तू?" रोल भरला की मागं कसा गुंडाळायचा ते तिनं दाखवलं होतं, आणि दोन्ही रोल त्यांनी नीट, शेपूट आत जाईपर्यंत गुंडाळले होते आणि त्यांच्यावर पेनानं एक, दोन असे आकडे घातले होते; तिच्याकडं उरला होता तो दोन नंबरचा. यात एक गोष्ट होती जी पियूषला सुचली नव्हती. रोल असा मागं गुंडाळला की पहिले फोटो बाहेरच्या वेटोळ्यात येतात आणि शेवटचे अगदी आत, दांडीजवळ. वायू शिरतो बाहेरून आणि कडांकडून. म्हणजे सगळ्यांत आधी पोळला असेल तो सुरुवातीचा भाग. शेवटचा भाग, त्याच्यावर गुंडाळलेल्या पाच फूट फिल्मच्या आड, सगळ्यांत कमी.

आज रविवार, आणि दुपारचे दोन वाजत होते. तिनं खोलीचा पडदा ओढला, बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवल्या. एकीत तिनं स्वतः वजन करून बनवलेला डेव्हलपर: मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि टाकणखार. दुसरीत पोटॅशियम ब्रोमाइडचं पाणी. वायूनं पोळलेल्या क्षारांना ते जरा मागं ओढतं, खऱ्या उजेडानं जागे झालेल्यांना पुढं जाऊ देतं. फार नाही, थोडंसंच. तिसरीत उमटलेलं चित्र पक्कं करणारा हायपो. मग पिशवीत हात घालून ओपनरनं रोलचं झाकण उचकटलं, फिल्मच्या बाहेरच्या टोकाची, कॅमेऱ्यात भरताना उजेड लागलेली दीड वीत शेपटी कापून टाकली, तिच्या पुढचा बोटभर तुकडा कापला, उरलेली फिल्म डबीत बंद केली आणि तो एकटा तुकडा टाकीत घातला. सगळं पणाला लावण्याआधी एक नमुना. हे तरी पियूषनं करायचं होतं. तुकडा धुऊन निघाला तेव्हा तो काळा होता. प्रयोगशाळेतून साहेबांना विचारून आणलेला, उजेड मोजायचा लक्समीटर तिनं मांडला, त्यावर तुरीच्या दाण्याएवढं भोक पाडलेला पुठ्ठा, वर दिवा. नुसत्या भोकातून बाराशे लक्स. तुकडा ठेवल्यावर नऊ. तिनं तुकडा सरकवून कडेला, मध्ये, पुन्हा कडेला पाहिलं. नऊ, नऊ, आठ. इथं काहीच नव्हतं. कडेला कॅमेऱ्यातला उजेड कधीच पोचत नाही, चौकट मध्ये असते. दोन्हीकडं आकडा सारखाच म्हणजे फोटो वायूखाली पुरता बुडालेला. तिनं तुकडा इतक्या जोरात टेबलावर ठेवला की चहाचा कप हलला. आणि त्याच वेळी याडीचा, तिच्या आईचा फोन आला.

याडी फोनवर निम्मं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलायची, निम्मं वऱ्हाडीत. लाड गोरबोलीत, तक्रार वऱ्हाडीत. "कांई वेगो, छोरी? कवाची लावून राह्यली मी. काहून नाही उचलत?"

"काम करून राह्यली होती, याडी."

"आज ऐतवारी कायचं काम? बरं, थ्या पोरानं बापूचे फोटो धुतले काय?"

"नाही अजून. मीच धुतो म्हटलं."

"तूच धू. लोकायच्या हातात कायले द्यायचं? मी तं तिसऱ्याच दिवशी कोठीत घातले ते. जीपमदीच राह्यले असते तं तुया काकानं जीपसंगं इकून टाकले असते. त्याइच्या डब्या मस्त हायत पाय, झाकणाच्या. रोल चिंधीत बांधले, एका डबीत मी सुया ठेवल्या, एक शेजारच्या मानीबाईनं नेली चुन्याले." मग आवाज खाली आला, शहाणपण सांगताना यायचा तसा. "अन् एक गोळी जास्तीची टाकली मी. म्हटलं, घूस लागाले नको. चांगलं केलं ना?"

खिडकीबाहेर कुणाचा तरी कूलर खडखडत होता. उज्ज्वलाच्या जिभेवर चार वाक्यं एकदम आली. त्या डब्या वायूला बऱ्याच आडव्या आल्या असत्या, याडी. चिंधी काहीच अडवत नाही. एक गोळी जास्तीची म्हणजे वायू दुप्पट. आणि, मी तुला का नाही सांगितलं, मी, जिच्या पदवीचा फोटो तू देवाशेजारी लावलास? चारही वाक्यं खरी होती. चारांचंही तोंड याडीकडं होतं, आणि याडीला फोनवर मारता येत होतं, इतक्या सहज, की तिला स्वतःचीच भीती वाटली. "चांगलं केलंस," ती म्हणाली. ते म्हटल्याबरोबर तिला इतका संताप आला की तिनं फोन कानापासून लांब धरला. कुणावर, ते नीट कळेना. पियूषवर, कुंदाकाकूंच्या गालावरच्या हातावर, त्या हॉर्नवर, दुकानात गोळीची पुडी कागदात बांधून देणाऱ्यावर, बापूंवर, जे सांगून गेले नाहीत. आणि त्या सरांवर, ज्यांनी काळ्या कागदाखाली सही करताना तो कागद कुणाच्या घरात काळा पडतो हे विचारलं नव्हतं.

"हाय का तू?" याडी म्हणत होती. "आयक ना. एकच सांगजो मले, धुतल्यावर. शेवटच्या दिवशी, म्हंजे रोल संपला त्या दिवशी, ते दुपारी घरी आलते. मी आंगणात भांडे घासत बसलती, उन्हात. मले म्हणे, उभी राह्य, फोटो काढतो. म्हटलं, चुलीवर दाळ हाय, हात राखेचे हायत, हे लुगडं हाय असं काळंकुट्ट, कायले काढता? चिडली मी. मान वर केलीच नाही. जरा येळानं जीप चालू झाली, गेले. काढला का नाही काढला, मले नाही मालूम. माहा एकबी फोटो नाही त्याइनं काढलेला. लग्नाचाबी फोटोवाल्यानंच काढला. एवढं पायजो. नसल तं नसल. पण खोटं नको सांगू, छोरी."

फोन ठेवून उज्ज्वलानं ती टेप लावलेली डबी पुढ्यात ओढली. आतापर्यंत तिला छत्तीसच्या छत्तीस हवे होते, आणि छत्तीस गेले म्हणून भांडायचं होतं. आता एकच हवा होता. नमुन्याचे आकडे सांगत होते की डेव्हलपरमध्ये अर्धाच वेळ द्यावा. पण अर्ध्या वेळात पोळलेलं कमी दिसलं तरी खरंही कमी दिसतं. बापूंना लाल ठिपका आणि गुलाबी ठिपका यांतला फरक नेहमी पाळता आला असेल की नाही, कोण जाणे; चुकला असेल तर फोटोवर उजेड आधीच कमी पडलेला. आतल्या वेटोळ्यापासून नमुना कापून पाहता आला असता. पण तिथं कापलं तर तोच फोटो कापला जाणार होता. तेव्हा अंदाजच करायचा. तिला अंदाजांची चीड होती. तिनं ब्रोमाइड ठरवल्यापेक्षा थोडं जास्त घातलं, पारा सतराला येईपर्यंत थांबली, आणि वेळ पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तृतीयांश धरली. पिशवीत हात घातले. आतलं टोक दांडीवर टेपनं चिकटवलेलं होतं, कारखान्यात, बापूंनी कॅमेऱ्यात घालण्याच्या कितीतरी आधी. तिथंच, टेपला लागून, ती चौकट. तिनं कात्री टेपवरच चालवली, फिल्मला लागू दिली नाही, आणि ते टोक चक्राच्या मधल्या चिमट्यात दिलं. बोटं घामेजली. वेटोळी एकेक बसत गेली. एका ठिकाणी फिल्म करकरली, तिनं श्वास रोखून दोन वेटोळी उलटी सोडवली, पुन्हा चढवली. टाकीचं झाकण बसलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती दात आवळून होती, कधीपासून कोण जाणे, आणि जबडा दुखत होता.

डेव्हलपर आत. हलवणं सावकाश, फार नाही. ओतला. पाणी. हायपो. हे सगळं करताना हात अचूक चालले होते आणि डोकं भांडत होतं, पियूषशी, लांबलचक, मुद्देसूद, आणि त्या भांडणात तो एकदाही उत्तर देऊ शकत नव्हता, हेही तिला पुरत नव्हतं. मग नळाखाली धुणं, मग न्हाणीघराच्या तारेवर चिमट्यानं लटकवणं, शेवटचा भाग खाली येईल असा. डोळ्यांनी पाहायला ती गेली नाही. डोळे हवं ते पाहतात. ओल्या फिल्मवर तर आणखीच. ऊन उतरेपर्यंत ती दाराला पाठ लावून बसून राहिली. आत पंखा बंद होता, धूळ उडू नये म्हणून, आणि घाम मानेवरून पाठीत जात होता. उन्हातलं अंगण असलं तर ते फिल्मवर दाट उतरतं, उजेड अडवतं, आकडा खाली येतो. काळं लुगडं उजेड परत पाठवत नाही. तिथं फिल्म कडेइतकीच विरळ राहते आणि आकडा कडेजवळचा येतो. काहीच काढलं नसेल तर सगळीकडं कडेचाच आकडा. एवढं ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. फोनवर पियूषचा संदेश आला होता: 'झालं का? सांगितलं होतं ना 😄'. तिनं तो उघडला नाही, पडद्यावर दिसला तेवढाच दिसला.

फिल्म कोरडी झाल्यावर तिनं शेवटची चौकट पुठ्ठ्यावरच्या भोकावर आणली, दिवा लावला, आणि प्रत्येक जागेचं माप तीनदा घेऊन सरासरी काढली.

नुसता उजेड, बाराशे लक्स. चौकटीबाहेरची कड, एकशे चाळीस. चौकटीचे चार कोपरे: अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ, चौसष्ट. मधोमध, किंचित खाली, नखाएवढ्या जागेत: एकशे एकतीस, कडेजवळचा.